तीन ग्रॅम आस्कंद

पहाटे साडेपाच

गॅसवर लहान पातेलं. त्यात ५ ग्रॅम आस्कंदाची भरड, ४० मिली दूध आणि १६० मिली पाणी. ग्रंथातलं प्रमाण एक भाग औषध, आठ भाग दूध आणि बत्तीस भाग पाणी असं आहे. ते मी काट्यावर मोजून घेतो, कारण अंदाजाने घातलं की कधी दूध तळाला लागतं, कधी सगळं पाणचट राहतं. आच मंद ठेवायची आणि समोरून हलायचं नाही. पाणी आटून दूध तेवढं उरलं की गाळून घ्यायचं. हा क्षीरपाक आईचा. तिला या आषाढात ब्याऐंशी पूर्ण झाली.

आईला आधी चूर्णच देत होतो. घरचंच दुकान, हातात उत्तम माल, मग आईला चूर्ण देण्यात चूक काय होणार? पण चौथ्या-पाचव्या दिवशी तिचं पोट गच्च व्हायला लागलं. दुपारचं जेवण जाईना. कॅप्सूल तिच्या घशाखाली उतरत नाही, हे रक्तदाबाच्या गोळीवरूनच ठाऊक होतं. आमच्या वैद्यांनी वनस्पती बदलली नाही. एवढंच म्हणाले, "चूर्ण थांबवा. दुधात शिजवून, गाळून द्या. चोथा पोटात जायला नको." आठवड्याभरात तक्रार गेली. काष्ठौषधीच्या दुकानात बसून मला तीस वर्षं झाली, पण एकच मूळ एका रूपात बाधतं आणि दुसऱ्या रूपात मानवतं, हे मला आईच्या पोटाने शिकवलं.

सकाळी साडेआठ

पुण्यात रविवार पेठेत आमचं दुकान. शटर वर केलं की पहिला वास वेखंडाचा येतो, मागोमाग नागरमोथा आणि कचोरा. आस्कंदाचा वास मात्र गोणी उघडल्याशिवाय कळत नाही. अश्वगंधा हे नाव या मुळाला घोड्याच्या अंगाच्या वासावरून मिळालं. ओल्या मुळाला तो भपकन येतो. वाळलेलं मूळ मोडून नाकाशी धरलं तर मंद येतो, पण येतो. ज्याला तो येत नाही, त्या मालाकडे मी संशयाने बघतो.

थंडी पडली की आस्कंदाची विचारणा दुप्पट होते. डिंकाचे लाडू, खारीक, गोडंबी घ्यायला आलेली मंडळी यादीत शेवटी आस्कंद लिहून आणतात. आजच नवी गोणी आली. आमचा माल मध्य प्रदेशातल्या नीमचच्या मंडीतून येतो. नीमच-मंदसौरचा पट्टा हे आस्कंदाचं माहेरच. रब्बीच्या अखेरीला मुळं उपटतात, वाळवतात आणि लांबी-जाडी बघून प्रत लावतात. जाड, सरळ, बाहेरून फिकट पिवळसर आणि मोडल्यावर आतून पांढरंशुभ्र पिठाळ निघतं, ते वरच्या प्रतीचं. बारीक, काटक्यांसारखी मुळं खालच्या प्रतीत जातात.

गोणीतून ओंजळभर मुळं मी पाटावर पसरतो. एक उचलून दोन्ही अंगठ्यांनी मोडतो. कट्कन मोडलं आणि पीठ उडालं तर माल कोरडा. वाकलं आणि सालीला धरून लोंबकळलं तर ओल आहे, महिनाभरात बुरशी धरणार. सालीवर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर ते मूळ बाजूला. मूळ आपटून बघायचं, भोकातून पिवळी भुकटी गळली तर आत कीड बसलेली आहे. आज अर्ध्या तासात पाऊण किलो बाजूला निघालं. ते परत जाईल.

हे सगळं मुळातच दिसतं. पुडीत दिसत नाही. आमच्या दुकानात सुटं आस्कंद चूर्ण मिळत नाही, त्याचं कारणही हेच. वडील बसत होते तेव्हा सुटं चूर्ण ठेवत असू. एकदा एका पुरवठादाराकडून २० किलोचं पोतं आलं. दोन दिवसांनी आमचे एक जुने वैद्य आले, चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं, मग तळहातावर चोळलं आणि वडिलांना म्हणाले, "अहो, याला ना कडूपणा, ना वास. हे काय विकताय तुम्ही?" वडिलांनी दुकान तासभर बंद ठेवलं. वहीत बघून, ज्यांनी ज्यांनी ते नेलं होतं त्यांच्याकडे निरोप पाठवले. पोतं परत गेलं, पैसे आलेच नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे अख्खं मूळ मिळतं, नाही तर परवानाधारक कारखान्याचा सीलबंद डबा. तिसरं काही नाही.

सकाळी दहा

चूर्ण हवंच असेल तर मी लोकांना मूळच न्यायला सांगतो. खलबत्त्यात ठेचायचं, मग मिक्सरला फिरवायचं, मग मलमलीच्या फडक्यातून गाळायचं. वस्त्रगाळ म्हणतात ते हेच. जाडसर राहिलेलं काढ्याला किंवा दुधात उकळायला ठेवायचं. पंधरा दिवसांपुरतं दळायचं. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उतरायला लागतो असं सांगितलंय. गोळी आणि अवलेह वर्षभर टिकतात, आसव-अरिष्टं मात्र जुनी झाली की अधिक चांगली. आज डब्यांवर चूर्णाची मुदत दोन वर्षं छापलेली असते. सीलबंद कोरड्या डब्यासाठी ती असेल. पण आपल्याकडे डबा उघडला जातो, त्यात ओला चमचा जातो, झाकण अर्धवट लागतं आणि डबा गॅसच्या ओट्यावर, पातेल्याच्या वाफेत उभा असतो. मी विकलेल्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर मार्करने जागा आखून देतो : 'उघडला दि.' ग्राहकाने तिथे तारीख घालायची. शंभरातले किती घालतात ते मी मोजलेलं नाही, पण परत येताना काही जण डबा दाखवायला आणतात तेव्हा बरं वाटतं.

साडेदहा ते बारा

आज या दीड तासात दोन माणसं आली आणि दोघांकडे एकच आकडा होता. तो दिवसभर डोक्यात राहिला.

पहिल्या एक मावशी. सदाशिव पेठेतून चालत आल्या होत्या. पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून गल्ल्यावर ठेवली. "काका, महिना झाला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घेते. झोप नाही, थकवा तसाच. तुमच्या आस्कंदाचा मला तरी गुण नाही." बाटली दुसरीकडची होती, पण त्यांचा राग 'आस्कंद' या शब्दावर होता आणि तो शब्द आमच्या पाटीवर आहे.

बाटली उलटी करून मी मागचं लेबल वाचलं. प्रत्येक गोळीत अश्वगंधा मूळ चूर्ण २५० मिलीग्रॅम. त्यांच्याजवळ वैद्यांची चिठ्ठी होती. चिठ्ठीत लिहिलं होतं : अश्वगंधा ३ ग्रॅम, दोन वेळा, कोमट दुधातून. मी कागदावर त्यांच्यासमोर हिशेब मांडला. ३ ग्रॅम म्हणजे ३००० मिलीग्रॅम. भागिले २५०. एका वेळेला १२ गोळ्या, दिवसाला २४. मावशी घेत होत्या ४. म्हणजे ६ ग्रॅमच्या जागी दिवसाला १ ग्रॅम, आणि तोही पाण्याबरोबर, कारण "गोळीला दूध कशाला?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "पण मग गोळी काढतात कशाला?"

प्रश्न रास्त आहे. गोळी काढतात, कारण चूर्णाची चव लोकांना सोसत नाही, प्रवासात डबा-चमचा नेता येत नाही आणि ऑफिसात पुडी फोडायला लाज वाटते. गोळी म्हणजे तेच चूर्ण दाबून बसवलेलं, त्याची ताकद वाढलेली नसते. पोट भरायला एक भाकरी लागते तिथे भाकरीचा एक तुकडा ताटात नीट कापून वाढला, तर तो भाकरीएवढा होत नाही. मावशींना मी काट्यावर चहाचा एक सपाट चमचा चूर्ण ठेवून दाखवलं, काटा २.७ वर थांबला. "एवढं एका वेळेला. दुधात कालवून, वर चमचाभर तूप. आवडत नसेल तर वैद्यांना विचारा, ते दुसरं रूप देतील. पण मात्रा त्यांनाच ठरवू द्या." बाटली त्या परत घेऊन गेल्या. आमच्याकडून काही घेतलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसरा, पाऊण तासाने, पंचविशीतला मुलगा. व्यायामशाळेत जाणारा, हातात मोबाइल. त्याच्याकडे कॅप्सूलची बाटली होती, अश्वगंधा एक्स्ट्रॅक्ट ५०० मिलीग्रॅम. "काका, आयुर्वेदात तीन ग्रॅम ते सहा ग्रॅम सांगितलंय ना? मग मी दिवसाला सहा कॅप्सूल घेतल्या तर तीन ग्रॅम होतात. अजून दोन बाटल्या द्या."

३ ते ६ ग्रॅम ही मात्रा खरी आहे, भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातही तीच आहे. पण ती मुळाच्या चूर्णाची. एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे ज्याला आपण घनसत्त्व म्हणतो, ते करताना कितीतरी मुळं पाण्यात किंवा मद्यार्कात उकळून-झिरपवून त्यांचा अर्क आटवतात. त्याच्या बाटलीवर लिहिलं होतं : विथॅनोलाइड्स ५ टक्के. साध्या मुळात हा अंश एक टक्क्याहूनही कमी असतो. ५०० मिलीग्रॅमचे ५ टक्के म्हणजे २५ मिलीग्रॅम. सहा कॅप्सूलचे १५०. मी त्याला म्हटलं, "दादा, तू चूर्णाचा आकडा अर्काला लावतोयस. चमचाभर मोहरी आणि चमचाभर मोहरीचं तेल सारखं असतं का?"

मावशींची चूक आणि या मुलाची चूक एकाच मापाची, फक्त उलट दिशेची. चिठ्ठीतले 'तीन ग्रॅम' रूपाशिवाय निरर्थक आहेत. मावशींकडे ते सहाव्या हिश्शावर आले आणि मुलाकडे कितीतरी पटींनी चढले. मावशींचे पैसे गेले, एवढंच. मुलाचं तसं नव्हतं. आस्कंदाने, त्यातही अर्काने, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. त्या संख्येने थोड्या आहेत आणि औषध बंद केल्यावर बहुतेक जण बरे झाले. पण लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अंगाला खाज सुटणं, भूक मरणं, यातलं काहीही झालं तर बाटली तिथेच ठेवून डॉक्टर गाठायचा, हे मी त्याला दोनदा सांगितलं.

त्याच्याच बाटलीवर आणखी एक गोष्ट होती. घटकांच्या रकान्यात 'मूळ व पान' असं लिहिलेलं. आपल्याकडे परंपरेने मूळच वापरतात. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये औषधं बनवणाऱ्यांना आस्कंदाची पानं वापरू नका असं कळवलं. त्याला मी बाटली फिरवून दुसरी खूणही दाखवली : तिच्यावर आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक नव्हता, अन्नसुरक्षेचा क्रमांक होता. म्हणजे ती कायद्याने पूरक आहार म्हणून विकली जात होती, औषध म्हणून नाही. त्यात गैर काही नाही, पण घेणाऱ्याला माहीत असायला हवं. त्याने नव्या बाटल्या घेतल्या नाहीत. जाताना विचारलं, "मग मी घेऊ काय?" मी म्हटलं, "आधी तुला काय झालंय ते वैद्याला सांग." तो हसला आणि म्हणाला, काहीच झालेलं नाही. मग माझ्याकडे त्याला देण्यासारखंही काही नव्हतं.

दुपारी सव्वाबारा

गुळवेलीचा फोन. मुंबईहून एक ताई नेहमी मागवतात. "सत्त्व पाठवा, मागच्या वेळी घन पाठवलंत तेच."

इथे शब्दच घात करतात. गुळवेल सत्त्व आणि गुळवेल घन या वेगळ्या वस्तू आहेत. सत्त्व करायला ओल्या वेलीचे तुकडे ठेचून रात्रभर पाण्यात भिजत घालतात, सकाळी कुस्करून गाळतात, पाणी स्थिर ठेवतात. तळाला पांढरट गाळ बसतो, वरचं पाणी ओतून तो वाळवतात. किलोकिलो वेलीतून मूठभर निघतं. तो मुख्यतः पिष्ट आहे, सौम्य, पित्ताच्या माणसाला मानवणारा. घन मात्र काढा आटवून आटवून केलेला, काळपट, कडूजहर. त्याच्याच गोळ्या म्हणजे संशमनी वटी. एका वेलीची दोन रूपं, एक थंड पाण्याने काढलेलं, दुसरं आगीने. आणि हल्ली बाटल्यांवर 'एक्स्ट्रॅक्ट' या एका शब्दाखाली काहीही असू शकतं. ताईंना मी दोन्हींचे फोटो पाठवले. त्यांना घनच हवं होतं.

गुळवेलीच्या बाबतीत मी जास्त जपून असतो, त्याला २०२० साल कारण आहे. तेव्हा लोक रांगा लावून वेल नेत होते, मिळेल त्या झाडावरून तोडून काढा पीत होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, त्यांचं म्हणणं होतं की वनस्पतीची ओळखच पक्की केलेली नाही, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत झाली असेल. वाद कोणी जिंकला यात मला रस नाही. दोन्ही बाजूंतून दुकानदाराला एकच काम निघतं : वेल ओळखून दे आणि महिनोन्‌महिने कुणाला बेहिशेबी पिऊ देऊ नको. ओळखायला मी कांड आडवं कापतो. गुळवेलीच्या कापात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, तिचं एक संस्कृत नावच चक्रलक्षणिका आहे. वरची कागदी साल नखाने निघते, खाली हिरवं. तोडल्यावर दुधासारखा चीक आला किंवा अंगभर दाट गाठी असल्या, तर ती आमच्या दुकानाची गुळवेल नाही.

दुपारी एक ते चार

जेवण. थोडी झोप. तिसऱ्या प्रहरी वही.

संध्याकाळी साडेचार

कापडबाजारातले शेठजी आले. जैन आहेत, व्रत काटेकोर. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, मध चालत नाही. त्यांच्या मुलाने कॅप्सूल आणून दिली होती, तिचं आवरण जिलेटिनचं निघालं. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. शेठजींना हे कुणी सांगितलंच नव्हतं, पंधरा दिवस घेत होते. त्यांचे डोळे भरून आले ते बघवलं नाही. आता वनस्पतीच्या सेल्युलोजची आवरणंही सर्रास मिळतात, पण डब्यावर ते लिहिलेलं आहे का हे पाहावं लागतं, नसेल तर कॅप्सूल उघडून आतलं चूर्ण दुधात घालता येतं का ते विचारावं लागतं. अवलेह नको, कारण मध. अरिष्टातही मध पडतो, शिवाय ते आंबवलेलं असतं. आस्कंद मूळ आहे, म्हणजे कंदमुळात धरायचं का, हे मी सांगू शकत नाही. ते म्हणाले, "सुंठ-हळद वाळलेली आम्ही घेतो, याचं महाराजसाहेबांना विचारतो." होकार आला तर साधं वस्त्रगाळ चूर्ण, साडेपाचच्या आत, दुधातून. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. वैद्याने 'रात्री झोपताना' लिहिलेलं शेठजींना पाळता येणारच नव्हतं. त्यांच्या चिठ्ठीवर वेळ बदलून घ्यायला मी परत वैद्यांकडे पाठवलं.

चरकाने सूत्रस्थानात स्वरस, कल्क, काढा, हिम आणि फांट असे औषधाचे पाच प्रकार सांगितले, स्वरस सर्वांत जोरकस आणि फांट सर्वांत सौम्य. तिथेच हेही सांगितलं की रोगाचं बळ आणि रोग्याचं बळ बघून रूप निवडायचं, सगळी रूपं सगळीकडे उपयोगी नसतात. या पेठेत बसून मला त्यात एवढीच भर घालावीशी वाटते की रोग्याच्या बळात त्याचं व्रत, त्याची वेळ आणि त्याचा गळाही धरावा.

संध्याकाळी सात

गर्दीची वेळ. हिरडा, बेहडा, आवळकाठी, कुणाला उटण्याचं साहित्य, कुणाला बाळाला उगाळायची घुटी. या गर्दीत एक ताई कडेला उभ्या राहिल्या. सगळे गेल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "अश्वगंधारिष्ट मोठी बाटली द्या. आमच्या ह्यांना अशक्तपणा आलाय."

असं हळू आवाजात कुणी मागितलं की मी बाटली लगेच काढत नाही. वय विचारलं. चालू औषधं विचारली. त्या अडखळल्या, मग म्हणाल्या की दोन आठवड्यांपूर्वी ते व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेत, दारू सुटलीय, एक गोळी रोज सकाळी त्या स्वतः देतात. गोळीची पट्टी पर्समध्ये होती. डायसल्फिरम.

मी बाटली मांडणीवरून खाली आणली, पण त्यांच्या हातात दिली नाही. आमच्या दोघांच्या मध्ये धरून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली. आसव आणि अरिष्ट ही आंबवून केलेली औषधं. काढ्यात गूळ किंवा मध आणि धायटीची फुलं घालून भांडं तोंड बांधून ठेवतात, आतल्या आत मद्यार्क तयार होतो, साधारण ५ ते १० टक्के. कुणी बाहेरून घातलेला नसतो, म्हणून लोकांना तो दारू वाटत नाही. पण त्यांच्या यजमानांना ज्या गोळीवर ठेवलंय, ती घेणाऱ्याच्या पोटात थोडासा मद्यार्क गेला तरी चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब ढासळतो. काहींना दवाखान्यात न्यावं लागतं. आणि गोळी नसती तरीही, नुकती दारू सोडलेल्या माणसाच्या जिभेवर तीच चव रोज दोन वेळा चार-चार चमचे ठेवायची नाही.

ताई बाटलीकडे बघत राहिल्या. "पण हे तर आयुर्वेदिक आहे ना?" त्यांनी विचारलं. तीस वर्षांत मी हे वाक्य हजारदा ऐकलं असेल, पण त्या क्षणी त्यांच्या आवाजात जी भीती होती ती वेगळी होती. त्या आपल्या माणसाचं भलं करायला निघाल्या होत्या.

मी म्हटलं, "आयुर्वेदिक आहे, उत्तम आहे, पण ह्यांच्यासाठी नाही. दारूने यकृत दमलेलं असेल तर आस्कंदाचं कुठलंच रूप डॉक्टरांना न विचारता देऊ नका. केंद्रातल्या डॉक्टरांना उद्या फोन करा. तोवर घरचं गरम जेवण, भात-वरण-तूप, ताक." बाटली परत मांडणीवर गेली. पैसे घेण्यासारखं काही नव्हतं म्हणून त्यांना अवघडल्यासारखं झालं, त्यांनी शंभर ग्रॅम बडीशेप घेतली.

आस्कंदासाठी मी ज्यांना आधी डॉक्टर-वैद्यांना विचारायला हमखास परत पाठवतो त्यांची यादी मी गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, दुकानात मुलगा एकटा असला तरी त्याला दिसावी म्हणून. गरोदर बाई. थायरॉइडची गोळी घेणारे, कारण आस्कंदाने ती पातळी हलू शकते आणि डॉक्टरांनी बसवलेली मात्रा बिघडते. झोपेच्या गोळ्या घेणारे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांवर असलेले. यकृताचा आजार होऊन गेलेले. आणि आज संध्याकाळी मी पेनाने खाली एक ओळ वाढवली : दारू सोडवायची गोळी चालू असेल तर कोणतंही आसव-अरिष्ट नाही.

रात्री पावणेनऊ

गोणीचं तोंड सुतळीने बांधलं. बाजूला काढलेली किडकी मुळं वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. आईचा क्षीरपाकाचा डबा रिकामा झालाय, उद्याची भरड आज रात्री ठेचायची आहे. वहीत विक्री नेहमीपेक्षा कमी दिसते.

आपल्या देशात आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. मी काही वैद्य नाही. माझ्यासमोरचा माणूस जे सांगतो आणि डब्यावर जे छापलेलं आहे, त्या दोनच गोष्टींवर मी हो किंवा नाही म्हणू शकतो. म्हणून एवढी विनंती आहे : कुठल्याही दुकानात आस्कंद मागायला जाल तेव्हा चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी आणि घरातला जुना डबा, दोन्ही पिशवीत घालून न्या. आणि वैद्यांनी 'तीन ग्रॅम' म्हटलं, तर उठण्याआधी विचारा : चूर्णाचे, गोळीचे की अर्काचे?